तुमचं काय मत?

भाऊकाकांनी आयुष्यात कुणालाही न विचारता केलेली एकच गोष्ट म्हणजे जन्म घेणं, आणि तेही त्या वेळी बोलता येत नव्हतं म्हणून. त्यानंतरचं सगळं विचारून झालेलं आहे. शाळा विचारून, नोकरी विचारून, लग्न तर अख्ख्या भावकीला विचारून. मागच्या पावसाळ्यात छत्रीच्या काड्या मोडल्या, तेव्हा ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी यावर त्यांनी जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचं मत घेतलं. मतं गोळा होईपर्यंत पाऊस संपला.

त्यांची नोकरी विद्युत मंडळात झाली. फायलीच्या तळाशी ‘उचित मार्गदर्शन व्हावे, ही विनंती’ असं लिहून ती वर पाठवायची, वरून ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढा शेरा घेऊन ती खाली आली की आपल्या मनात पहिल्यापासून होतं तेच करायचं, हे शिक्षण तिथलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण फाईल फिरवायची सवय गेली नाही. आता फाईल म्हणजे ते स्वतःच. सकाळी फिरायला निघाले की वाटेत दिसेल त्याच्यापुढे सादर होतात.

‘तुमचं काय मत?’ हा प्रश्न विचारण्याची त्यांची एक तऱ्हा आहे. आधी ते इकडेतिकडे बघतात. मग मान किंचित कलती करून आवाज असा खाली आणतात की समोरच्याला वाटावं, हे प्रकरण आपल्यालाच पहिल्यांदा कळतंय. वास्तविक तेच प्रकरण सकाळी दूधवाल्याला, मग इस्त्रीवाल्याला आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना कळलेलं असतं. पण ऐकणारा फुलतो. सोसायटीत ज्यांना घरी कुणी काडीचं विचारत नाही असे कितीतरी गृहस्थ भाऊकाकांमुळे ताठ मानेने जगताहेत. त्यातल्या एकांना बायको भाजी आणायला पाठवते तेव्हासुद्धा चिठ्ठी लिहून देते. भाऊकाकांनी मात्र त्यांना म्युच्युअल फंडाबद्दल विचारलं होतं. ते गृहस्थ त्या दिवशी लिफ्ट असून जिन्याने गेले.

गेल्या वर्षी भाऊकाकांचा उजवा गुडघा गेला, आणि सल्ल्याचा खरा हंगाम सुरू झाला.

गुडघा या अवयवाइतका सार्वजनिक अवयव महाराष्ट्रात दुसरा नाही. हृदयाबद्दल बोलताना लोक जरा बिचकतात, किडनीबद्दल कुणाला फारसं माहीत नसतं. गुडघ्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं की कूर्चा झिजलीय, हाडाला हाड लागतंय, सांधा बदलावा लागेल. भाऊकाका नम्रपणे म्हणाले, “विचार करून सांगतो.” म्हणजे विचारून सांगतो.

विचारण्याला क्रम असतो. लग्नाची पहिली अक्षत जशी देवाला, तसा पहिला प्रश्न गावाला. काकांचं गाव कुडाळ तालुक्यात. तिथे थोरले बंधू अप्पा असतात. अप्पांना आता ऐकू कमी येतं, पण म्हणून त्यांना विचारायचं नाही असं थोडंच आहे? मत देण्यासाठी कान लागत नाहीत. काकांनी फोनवर दोनदा ‘गुडघो, गुडघो’ असं ओरडून सांगितलं. अप्पा म्हणाले, “देवाक इचार, आणि मगे काय ता कर.”

कोकणात आणि गोव्यात देवाला विचारण्याची सोय आहे. कौल लावतात. ग्रामदेवतेच्या अंगावर ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवस्थानागणिक रीत थोडी बदलते, पण तत्त्व हेच. ‘शस्त्रक्रिया करू का?’ याला डावा कौल आला. काका गडबडले नाहीत. त्यांनी गुरवाला प्रश्न जरा बदलून घालायला सांगितला: ‘दसऱ्यानंतर करू का?’ उजवा आला. शहरात यालाच सेकंड ओपिनियन म्हणतात, आणि त्याची फी नारळापेक्षा पुष्कळ जास्त असते.

देवानंतर मेहुणे. मेहुण्यांची अडचण अशी की त्यांना विचारलं नाही तर ते ऑपरेशनला येणार नाहीत, आणि विचारलं तर ऑपरेशन होऊ देणार नाहीत. ते म्हणाले, “थांबा. या क्षेत्रात रोज नवीन काहीतरी येतंय.” मग जावई. जावयाला विचारताना काकांनी गुडघा दुखतो हे वाक्य जवळजवळ अभिमानाने उच्चारलं. जावई म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” जावयांचं हे उत्तर काकांना पसंत पडलं नाही, मत मागितलं तर मत द्यावं, संमती कसली देता?

मग सगळा मुलूख मोकळा होता. निर्गुडीचं तेल, महानारायण तेल, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, दोन्ही एकत्र केलेले लाडू. योगवर्गाच्या बाईंनी वज्रासन सुचवलं, तेव्हा काकांनी ते घालून बघितलं आणि त्यांना उठवायला तिघं लागले. एकाच्या साडूच्या शेजाऱ्याने सांधा बदलला तो अजून अंथरुणात आहे. दुसऱ्याच्या आत्याने दोन्ही बदलले आणि ती वैष्णोदेवी करून आली. औषधाच्या दुकानदाराने ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्याचं सांगितलं, आणि हॉस्पिटलचं बिल नीट तपासून घ्या असं बजावलं. रिक्षावाल्याने मागे वळून एकच विचारलं, “काका, घरात कमोड आहे का?”

भाऊकाका हे सगळं एका वहीत उतरवत. डाव्या बाजूला ‘करा’, उजव्या बाजूला ‘करू नका’. वही भरत आली तशी दोन्ही रकान्यांची लांबी जवळपास सारखी झाली. मी त्यांना गमतीने म्हटलं, सरासरी काढली तर अर्धा गुडघा बदलावा लागेल. त्यांनी ते डॉक्टरांना विचारलं! अर्धा गुडघाही बदलता येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सांध्याचा एकच भाग झिजलेला असेल तर तेवढाच बदलतात. काकांचा सगळाच गेलेला होता, म्हणून लोकशाहीला तिथे वाव मिळाला नाही.

सरासरीवरून मी त्यांना गॉल्टनच्या बैलाची गोष्ट सांगितली. इंग्लंडात प्लिमथला १९०६ साली गुराढोरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका धष्टपुष्ट बैलाचं, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल याचा अंदाज करायची स्पर्धा होती. तिकिटाला सहा पेनी. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटं मिळवली. धड वाचता येण्यासारखी ७८७ निघाली. सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध आलेला आकडा होता १,२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरलं १,१९८. म्हणजे खाटीक, शेतकरी, हौशे, नवशे, गवशे मिळून नऊ पौंडांनी चुकले. गॉल्टनचा हा हिशेब पुढल्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आला. मुद्दा असा की त्या लोकांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या तिकिटावर लिहून टाकलं. आमच्या जिन्यात पहिल्या मजल्याचं मत दुसऱ्यावर पोचेपर्यंत दुसऱ्याचं झालेलं असतं आणि चौथ्यावर ते ‘सगळ्यांचंच म्हणणं आहे’ या रूपात येतं.

काकांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मग म्हणाले, “त्यात बैलाचं मत घेतलं होतं का?”

मला उत्तर सुचलं नाही.

दरम्यान उन्हाळ्यात काका-काकू मुलाकडे नेदरलँड्सला जाऊन आले. मुलगा आइंटहोव्हनला असतो. तिकडे मराठी मंडळी आता बरीच आहेत. गणपती बसतात, मोदक होतात. तिथे काकांचा गुडघा सुजला, आणि मुलाने त्यांना आपल्या हाउसआर्ट्सकडे नेलं. हाउसआर्ट्स म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय एरवी स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आणि तो चिठ्ठी सहजासहजी देत नाही. तो पॅरासिटामॉल देतो. नेदरलँड्समधल्या भारतीयांना एकत्र बसवून डॉक्टरांचा विषय काढला तर पहिल्या मिनिटाला पॅरासिटामॉल निघतं.

डॉक्टर स्वतः दारापर्यंत आला, काकांशी हात मिळवला, हे काकांना आवडलं. त्याने गुडघा वाकवून बघितला, व्यायाम सांगितला, वजनाचा विषय काढला, ऑपरेशनचे फायदे-तोटे समजावले. इथपर्यंत ठीक. मग खुर्चीत मागे टेकून त्याने विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?”

काकांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“हा डॉक्टर नवीन आहे का रे?” त्यांनी मुलाला मराठीत विचारलं. मुलाने समजावलं, बाबा, इथे पेशंटने आणि डॉक्टरने मिळून ठरवायचं असतं. काकांना ते पटेना. डॉक्टरनेच पेशंटला विचारायचं असेल तर फी पेशंटला मिळायला हवी. शेवटी त्यांनी आपल्याकडचं ब्रह्मास्त्र काढलं. या प्रश्नापुढे पुण्यातला कुठलाही सर्जन विरघळतो: “डॉक्टर, तुमच्या वडिलांचा गुडघा असता तर तुम्ही काय केलं असतं?”

डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाला, “वडिलांचं वडिलांनी ठरवलं असतं.”

काका परतीच्या वाटेवर गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, “बिचाऱ्याचं वडिलांशी पटत नसावं.”

आता हा दोन माणसांच्या स्वभावांतला फरक आहे की दोन मुलखांतला? याचा हिशेब मांडणारा माणूसही डचच होता. खेर्त हॉफस्टेडे. आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ या काळात भरून दिलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्याने चाळल्या, आणि १९८० साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याने देशांना परीक्षेसारखे गुण दिले. वरच्याचं वरचेपण लोक किती मुकाट्याने मान्य करतात, यात भारताला ७७ आणि नेदरलँड्सला ३८. माणूस स्वतःला घरापासून, गटापासून किती सुटा समजतो, यात नेदरलँड्सला ८० आणि भारताला ४८. देशाच्या देश असे एका आकड्यात कोंबण्यावर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे. आयबीएममधल्या नोकरदारावरून कुडाळच्या अप्पांचा अंदाज कसा यावा? पण तो ४८ चा आकडा मला फार खरा वाटतो. शून्य नाही, शंभर नाही, अगदी निम्म्याच्या जरा अलीकडे. निम्मा माणूस सगळ्यांचा आणि उरलेला कुणालाही पत्ता लागू न देता स्वतःचा. भाऊकाका तंतोतंत ४८ आहेत.

डच लोक कुणाला विचारत नाहीत असं मात्र नाही. त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध एकट्याने राखता येत नाही; शेजाऱ्याचा फुटला की आपण बुडालो. म्हणून पाण्याचा कारभार बघणारी त्यांची स्थानिक मंडळं तेराव्या शतकापासून चालत आली आहेत आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. सगळ्यांच्या गोष्टीत ते तासन्‌तास बसतात, प्रत्येकाचं ऐकतात, सहमती होईपर्यंत कॉफी पितात. आपल्या एकट्याच्या गोष्टीत मात्र कुणी नाक खुपसलेलं त्यांना चालत नाही. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. भाऊकाकांचा गुडघा अख्ख्या सोसायटीचा; पण सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की सगळे माना खाली घालून वेफर्स खातात, आणि काका ‘बहुमताबरोबर’ म्हणून सही करून मोकळे होतात. टाकी अजून गळते.

मुलाने आइंटहोव्हनला घर घेतलं तेही काकांना आधी विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर किल्लीचा फोटो आला. “घर छानच आहे,” काका चारचौघांत म्हणाले, “पण आम्ही काय वाईट सल्ला दिला असता?”

“दिलाच असता,” काकू आतून म्हणाल्या.

खरं तर मुलानेही सल्ला घेतला होता. कर्जासाठी तिथे परवानाधारक सल्लागार असतो, त्याला विचारलं. खरेदीदाराच्या बाजूने बोलणारा दलाल वेगळा असतो, त्याला विचारलं. भिंती, छप्पर, पाया तपासून अहवाल देणारा माणूस वेगळा, त्यालाही विचारलं. तिघांनी बिलं पाठवली, मुलाने पैसे भरले, विषय संपला. त्या तिघांपैकी कुणीही पुढल्या दिवाळीला ‘काय, आमचं ऐकलं नाहीत ना?’ म्हणून तोंड फुगवणार नाही. काकांचे सल्लागार एक पैसा घेत नाहीत, म्हणून ते महाग पडतात. त्यांना रोजचा अहवाल द्यावा लागतो.

मुलगा पुण्यात असताना असा नव्हता. अकरावीला कुठली शाखा घ्यावी हे त्याने रिक्षावाल्यासकट सगळ्यांना विचारलं होतं; वळण बापाचंच. परगावी राहून माणूस बदलतो याला एका गमतीदार प्रयोगाचा आधार आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो २०१५ साली आला. लोकांना कॉम्प्युटरवर बाणाची टोकं घडवायला दिली होती. स्वतः खटपट करून सुधारायचं, किंवा दुसऱ्याचं बघून उचलायचं. दुसऱ्याचं उचलण्यात फायदा असूनही ब्रिटिश मंडळी आपलंच घासत बसायची. चीनमध्ये राहणारे चिनी दुसऱ्याचं जास्त बघायचे. आणि ब्रिटनमध्ये येऊन राहिलेले चिनी? ते ब्रिटिशांसारखेच वागले. मुलाचा दोष नाही, हवा लागते.

मी एकदा काकांवरच एक प्रयोग करून बघायचा घाट घातला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या यानिव आणि क्लाइनबर्गर या दोघांचं काम २००० साली प्रसिद्ध झालं, त्यातला. त्यांची पद्धत साधी. इतिहासातल्या एखाद्या घटनेचं साल विचारायचं. माणसाने आपला अंदाज सांगायचा. मग त्याला दुसऱ्या कुणाचा तरी अंदाज दाखवायचा. आणि शेवटचं उत्तर मागायचं. त्यात असं दिसलं की लोक दुसऱ्याच्या उत्तराकडे थोडे सरकतात, पण फार नाही. ढोबळमानाने अकरा आणे स्वतःचं, पाच आणे दुसऱ्याचं. बऱ्याचदा दुसऱ्याच्या वाट्याला त्याहून कमीच. आपलं मत का झालं याची कारणं आपल्याला ठाऊक असतात, दुसऱ्याची ठाऊक नसतात, असं त्यावरचं एक स्पष्टीकरण.

मी काकांना विचारलं, “सुएझचा कालवा कुठल्या साली सुरू झाला?”

“तुमचं काय मत?”

“नाही, आधी तुमचा अंदाज सांगायचा. मग मी माझा सांगणार.”

“असं कसं? तुम्ही शिकलेले. तुमच्याआधी मी बोलायचं?”

“प्रयोगच तसा आहे.”

“अप्पांना फोन लावू का?”

प्रयोग तिथेच फसला, पण मला हवं ते कळलं. त्या प्रयोगशाळेत गृहीत धरलेलं असतं की माणसाकडे आधी स्वतःचं मत असतं, मग सल्ला येतो. आमच्याकडे आपलं मत असलं तरी ते पहिल्यांदा उघड करणं हा उद्धटपणा आहे. आधी मोठ्यांचं, मग पाहुण्यांचं, मग ‘मलाही तसंच वाटत होतं’ म्हणून आपलं. जाता जाता सांगून टाकतो, १८६९. मी सांगितल्यावर काका म्हणाले, “मला तेच वाटत होतं.” आणि मला शंका आहे की त्यांना खरोखरच तेच वाटत होतं.

ही शंका यायला कारण आहे. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून काका उभे राहिले, आणि तिसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. वही भरताना जेवढी मेहनत घेतली नव्हती तेवढी काकांनी आता घेतली. कारण सल्ला विचारणं सोपं आहे. ज्याचा ऐकला नाही त्याला ‘तुमचंच ऐकलं’ असं पटवणं ही खरी विद्या.

निर्गुडीच्या तेलवाल्यांना ते म्हणाले, “आधी तुमचं तेल मुरलं होतं, म्हणून डॉक्टरांना काम सोपं गेलं.” मेहुण्यांना म्हणाले, “तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो. म्हणून चांगला सांधा मिळाला.” मेहुणे ऑपरेशनच्या विरुद्ध होते हे ते स्वतः विसरले. लाडूवाल्या बाईंना लाडवांचं श्रेय मिळालं, योगाच्या बाईंना स्नायूंचं. अप्पांना फोनवर ओरडून सांगितलं, “देवान उजवो दिल्यान!” डावा पहिल्यांदा आला होता हे देवानेही मनावर घेतलं नसावं. जावयांना म्हणाले, “तुम्ही म्हणालात म्हणून धीर आला.” जावई काहीच म्हणाले नव्हते. एकच माणूस उरला होता, त्याला त्यांनी मुलाकरवी निरोप धाडला: “डच डॉक्टरला सांग, तुझ्या म्हणण्याप्रमाणे माझं मीच ठरवलं.”

सगळ्यांत कमी बोललेल्या रिक्षावाल्याला मात्र त्यांनी काही पटवलं नाही. त्याची गरजच नव्हती. ऑपरेशनच्या आधी घरात कमोड बसला होता, बाथरूमच्या भिंतीला दांडा लागला होता आणि पलंगाची उंची विटा लावून वाढवली होती. सांधा बदलल्यावर उकिडवं बसायचं नाही, हे डॉक्टरांनी घाईत सांगितलं होतं. रिक्षावाल्याच्या आईचं ऑपरेशन झालेलं असल्याने त्याला ते घरातून माहीत होतं. एवढ्या मोठ्या वहीतलं जे खरोखर कामी आलं, ते ‘करा’मध्येही नव्हतं आणि ‘करू नका’मध्येही नव्हतं. ते काकांनी मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली लिहिलं होतं.

वही मला काकूंनी दाखवली. सोबत हॉस्पिटलची पावतीही दाखवली, आगाऊ रकमेची. पावतीवरची तारीख वहीच्या पहिल्या पानावरल्या तारखेच्या आदल्या आठवड्यातली होती. म्हणजे अप्पा, देव, मेहुणे, जावई, लाडू, हाउसआर्ट्स हे सगळे प्रकरण निकाली निघाल्यावर सुनावणीला बोलावलेले साक्षीदार. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण लोक सल्ला म्हणून सांगतात. काकांनी ती कार्यपद्धती म्हणून राबवली होती, आणि तीही उलट्या क्रमाने: आधी मनाचं करून टाकलं, मग जनाचं ऐकायला निघाले.

“तुम्हाला विचारलं होतं त्यांनी?” मी काकूंना विचारलं.

“मला?” काकू म्हणाल्या, “मला विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं ना.”

भाऊकाकांना लबाड म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. पैसे भरून झाले तरी माणूस आतून घाबरलेला असतो, आणि भीती वाटते असं सांगणं पंचाहत्तरीच्या पुरुषाला जमत नाही. ‘तुमचं काय मत?’ असं विचारणं जमतं. त्या डच डॉक्टरने सगळी माहिती चोख दिली, निर्णयाचा अधिकारही दिला. पण त्याच्या खोलीतून बाहेर पडताना काका एकटे होते. जिन्यातल्या अडाणी सल्ल्यांनी त्यांना एकटं पडू दिलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या आवारात एवढी माणसं जमली होती की वॉचमनने विचारलं, कुणी पुढारी ॲडमिट आहे का? प्रत्येकाला वाटत होतं, आत आपलाच गुडघा बदलतोय. मेहुणेही आले होते, डबा घेऊन.

आता डावा गुडघा कुरकुरतोय. नवी वही आली आहे आणि काका पुन्हा जिन्यात उभे राहू लागले आहेत. ऑपरेशनची तारीख ठरली आहे, हे मला काकूंकडून कळलं. तुम्हाला कळलंय असं दाखवू नका. कोथरूडच्या बाजूला येणं झालं तर पाच मिनिटं हाताशी ठेवा, विचारतील तेव्हा ठासून मत द्या, होकाराचं द्या नाहीतर नकाराचं. फक्त ‘काका, तुम्हीच ठरवा’ असं म्हणू नका. ते त्यांना अजिबात आवडत नाही.